गाडीचा एसी चालू, पण हवाच येईना? गॅस भरण्याआधी हे तपासा

मे महिना, दुपारचे दोन, लग्नाला निघालेली गाडी. आत सात माणसं, त्यात एक तान्हं बाळ. एसीचं बटण चालू आहे, दिवा लागलाय, पंख्याचा आवाजही येतोय. पण डॅशबोर्डच्या जाळीतून हवा येते ती फुंकर मारल्यासारखी. गाडी तालुक्याच्या गॅरेजला जाते. बॉनेट उघडण्याआधीच निदान होतं, "गॅस कमी झालाय." हजार-दोन हजार रुपये मोजून गॅस भरला जातो आणि चार दिवसांनी पुन्हा तीच रडकथा. नंतर कुणीतरी समोरचा कप्पा उघडून फिल्टर बाहेर काढतो, तर तो धूळ आणि पाचटाने भरून गादीसारखा जाड झालेला.

असा अनुभव गावोगावच्या गाडीवाल्यांना येतो. कारण एकच. "एसी चालत नाही" या तीन शब्दांत दोन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. हवा जोरात येते पण गार नाही, हा एक बिघाड. हवा गार आहे पण येतच नाही, हा दुसरा. पहिल्याचा संबंध गॅस, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरशी आहे. दुसऱ्याचा संबंध पंखा, फिल्टर आणि आतल्या झडपांशी आहे. तिथे गॅस कितीही भरला तरी फरक पडत नाही. हा लेख त्या दुसऱ्या बिघाडाबद्दल आहे.

हवा येते कुठून, जाते कुठे?

बिघाड शोधायचा तर आधी हवेची वाट माहीत हवी. बाहेरची हवा समोरच्या काचेखाली, वायपरजवळ असलेल्या प्लास्टिकच्या जाळीतून आत शिरते. आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलं, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल बाण असलेलं बटण, तर ही वाट बंद होते आणि पंखा केबिनमधलीच हवा ओढतो.

पुढे हवा केबिन फिल्टरमधून जाते. बहुतेक गाड्यांत हा फिल्टर डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. तिथेच ब्लोअर, म्हणजे गोल पिंजऱ्यासारखा पंखा आणि त्याची मोटर असते. ब्लोअरने ढकललेली हवा कूलिंग कॉइलच्या बारीक पात्यांतून जाऊन गार होते. त्यानंतर दोन झडपा येतात. एक झडप गार आणि गरम हवा किती मिसळायची ते ठरवते. दुसरी हवा तोंडाकडे, पायाकडे की काचेवर सोडायची ते ठरवते.

म्हणजे वाटेत अडथळा येण्याच्या जागा मोजक्याच आहेत: जाळी, फिल्टर, ब्लोअर, कॉइल आणि झडपा. शेतातल्या पाटाचं पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं नाही तर माणूस पाटाच्या तोंडापासून बघत येतो. इथेही तसंच करायचं.

पाच मिनिटांची घरगुती तपासणी

यासाठी कोणतंही हत्यार लागत नाही. गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून उभी करावी.

१. ब्लोअर एकपासून शेवटच्या नंबरपर्यंत फिरवावा. प्रत्येक नंबरला आवाज आणि हवा दोन्ही वाढतात का ते बघावं.

२. टिश्यू पेपरचा तुकडा किंवा पातळ कागद प्रत्येक जाळीसमोर धरावा. चारही जाळ्यांतून हवा सारखी येते की एखादीच मंद आहे ते कळतं.

३. पूर्ण वेगावर ठेवून एकदा बाहेरची हवा आणि एकदा आतली हवा असं बटण बदलावं. आतल्या हवेवर जोर चांगला आणि बाहेरच्या हवेवर फारच कमी असेल, तर अडथळा वायपरखालच्या जाळीत असण्याची शक्यता जास्त. आतल्या हवेवर जोर थोडा वाढणं मात्र नेहमीचंच आहे.

४. हवेची दिशा तोंड, पाय, काच अशी बदलून बघावी. दिशा खरंच बदलते का, हे हाताने तपासावं.

५. केबिन फिल्टर काढून, फिल्टरशिवाय दोन-तीन मिनिटं ब्लोअर चालवावा. हवा एकदम वाढली तर चोर सापडला. काहीच फरक पडला नाही तर फिल्टर निर्दोष आहे, पुढे बघायचं. ही फक्त चाचणी आहे. फिल्टरशिवाय गाडी रोज चालवली तर धूळ थेट कॉइलवर बसते आणि खर्च वाढतो.

आता लक्षणांनुसार कारणं बघू.

लक्षण पहिलं: आवाज मोठा, हवा कमी

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच. पहिला संशय केबिन फिल्टरवर. शहरातल्या गाडीचा फिल्टर वर्षभर टिकत असेल, तर मुरमाच्या रस्त्यावर, ऊसतोडीच्या किंवा मळणीच्या हंगामात तोच फिल्टर काही महिन्यांत तुंबू शकतो. जिनिंग मिलजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत कापसाचे तंतू, कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीत बारीक पानं, गोठ्याजवळच्या गाडीत कडब्याचा भुसा अडकतो.

फिल्टर काढणं बहुतेक गाड्यांत सोपं आहे. समोरचा कप्पा रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो. मागे फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर काढण्याआधी त्यावरच्या बाणाची दिशा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी. हा बाण हवेच्या प्रवाहाची दिशा दाखवतो आणि नवा फिल्टरही तसाच बसवायचा असतो.

कागदी फिल्टर पाण्याने धुवू नये. त्याचे धागे बसतात आणि ओलाव्याने वास सुटतो. पंक्चरवाल्याकडच्या हवेने, लांबून आणि हलक्या दाबाने, उलट्या बाजूने झटकला तर थोडे दिवस निभावतं. पण तो कायमचा उपाय नाही. बहुतेक छोट्या गाड्यांचा नवा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलमध्ये कंपनीने फिल्टर बसवलेलाच नसतो, जागा मात्र असते. अशा गाडीत फिल्टर बसवून घेणं शहाणपणाचं.

फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी असेल तर वायपरखालची जाळी बघावी. तिथली पानं हाताने काढावीत. पाइपने पाण्याचा जोरदार मारा करू नये, कारण कचरा आणि पाणी दोन्ही आत ब्लोअरकडे जाऊ शकतात.

जाळी आणि फिल्टर दोन्ही मोकळे आणि तरी हवा कमी, तर कूलिंग कॉइलच धुळीने माखलेली असू शकते. हे काम घरी करण्यासारखं नाही. काही गाड्यांत कॉइल जागेवरच फोमने साफ होते. काहींमध्ये ती बाहेर काढावी लागते, त्यासाठी गॅस काढून पुन्हा भरावा लागतो आणि कधी कधी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून वेळेवर बदललेला स्वस्त फिल्टर हे मोठं काम टाळतो.

लक्षण दुसरं: फक्त शेवटच्या नंबरवरच हवा येते

एक, दोन, तीन नंबरला काहीच नाही आणि चारला मात्र पंखा भन्नाट सुटतो. हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की जाणकार मिस्त्री फोनवरच निदान सांगतो: ब्लोअरचा रेझिस्टर गेला.

कमी वेगासाठी मोटरकडे जाणारा करंट रेझिस्टरमधून कमी करून पाठवला जातो. शेवटच्या नंबरला करंट रेझिस्टर टाळून थेट मोटरला जातो. त्यामुळे रेझिस्टर जळाला तरी शेवटचा नंबर चालत राहतो. एखादाच नंबर बंद असेल तर रेझिस्टरची तेवढीच तार तुटलेली असते किंवा स्विचमध्ये दोष असतो.

मोटर बदलायची गरज इथे सहसा नसते. रेझिस्टर हा छोटा भाग ब्लोअरजवळ दोन स्क्रूवर बसलेला असतो. मात्र तो का जळाला हे बघितलं पाहिजे. रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेने थंड राहतो. फिल्टर तुंबला की हवा कमी होते आणि तो तापतो. मोटर जड फिरत असेल तरी जास्त करंट ओढून त्याला जाळते. कारण तसंच ठेवून नवा रेझिस्टर टाकला तर तोही जातो. त्याचा प्लग वितळलेला असेल तर प्लगही बदलावा.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. तो बिघडला तर पंखा एकाच वेगाने चालतो, मधेच थांबतो किंवा अजिबात फिरत नाही.

लक्षण तिसरं: पंखा पूर्ण बंद

कोणत्याच नंबरला आवाज नाही. आधी फ्यूज बघावा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात ब्लोअरचा फ्यूज कोणता ते दिलेलं असतं. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकावा. ३० च्या जागी ४० चा टाकणं, तार गुंडाळणं किंवा चांदीचा कागद लावणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर वायर शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. तिथे थांबून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावं.

फ्यूज चांगला असेल तर रिले, मोटरचा प्लग आणि मोटर हा क्रम. स्विच चालू ठेवून मोटरच्या खोक्याला मुठीने हलकेच ठोकल्यावर पंखा फिरायला लागला, तर मोटरचे कार्बन घासले गेले आहेत असं समजावं. मोटर काही दिवस चालेल, पण लांबच्या प्रवासाला निघू नये. अनेक गाड्यांत ब्लोअर बंद असेल तर एसीचा कॉम्प्रेसरही सुरू होत नाही, त्यामुळे "गॅस संपला" असा गैरसमज होतो.

पंख्यातून करकर आवाज येत असेल तर आत पान, कागद किंवा भुसा अडकलेला असतो. पावसाळ्यात आणि थंडीत बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर घर करतात. फिल्टरवर कुरतडल्याच्या खुणा किंवा लेंड्या दिसल्या तर तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालूनच साफ करावं. सुकी घाण झाडूने उडवू नये, आधी जंतुनाशकाने ओली करावी. वायरी कुरतडल्या आहेत का, तेही बघून घ्यावं.

लक्षण चौथं: आधी छान, तासाभराने हवा गायब

निघताना एसी मस्त. पन्नास-साठ किलोमीटरनंतर हवा कमी कमी होत बंद पडते. चहाला थांबून परत बसलं की पुन्हा जोरात. गाडीखाली नेहमीपेक्षा मोठं पाण्याचं थारोळं दिसतं. हे कॉइलवर बर्फ जमल्याचं लक्षण.

कॉइलवर हवेतला ओलावा पाणी होऊन बसतो. कॉइल शून्य अंशाखाली गेली की त्याच पाण्याचा बर्फ होतो आणि पात्यांमधली वाट बुजते. हे होऊ नये म्हणून कॉइलजवळ एक सेन्सर असतो. तो ठरावीक थंडाव्यावर कॉम्प्रेसर बंद करतो. सेन्सर बिघडला, फिल्टर तुंबून हवा कमी झाली किंवा गळतीने गॅस कमी झाला, तरी बर्फ जमू शकतो.

रस्त्यात असं झालं तर एसीचं बटण बंद करावं, ब्लोअर मात्र चालूच ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळून हवा परत येते. एसी सगळ्यात थंड आणि पंखा सगळ्यात कमी अशी जोडी लांबच्या प्रवासात टाळावी. पुन्हा पुन्हा होत असेल तर सेन्सर आणि गॅसचा दाब तपासून घ्यावा.

लक्षण पाचवं: हवा भलतीकडेच जाते

तोंडावर हवा हवी आणि ती येते पायाकडे किंवा काचेवर. हा झडपेचा बिघाड. साध्या गोल बटणाच्या गाड्यांत बटणापासून झडपेपर्यंत केबल असते. ती निसटली की बटण मोकळं फिरतं. कुशल मिस्त्री ती थोड्या वेळात परत अडकवतो.

ऑटोमॅटिक गाड्यांत झडप फिरवायला छोटी मोटर असते. तिचे प्लास्टिकचे दाते तुटले की गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डमागून टक-टक-टक आवाज येतो. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा येत असेल तर हवा मिसळणारी झडप अडकलेली असू शकते. पण गॅस कमी झाल्यावरही असा फरक पडतो, म्हणून दोन्ही तपासावं. बॅटरी बदलल्यानंतर झडपा वेड्यासारख्या वागू लागल्या तर काही गाड्यांत त्यांची जागा पुन्हा ठरवून द्यावी लागते. पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असल्याने पुस्तकात बघावं किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावं.

बिघाड नसतानाही हवा कमी? डॅशबोर्ड बघा

ऑटो मोडमध्ये केबिन थंड झाल्यावर पंखा आपोआप हळू होतो. थंडीत हीटर लावल्यावर इंजिन तापेपर्यंत पंखा मुद्दाम हळू राहतो. हे दोष नाहीत.

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत डॅशबोर्डवर काचेजवळ ऊन मोजणारा छोटा सेन्सर आणि स्टिअरिंगच्या आसपास केबिनचं तापमान मोजणारी बारीक जाळी असते. डॅशबोर्डवर टॉवेल, मखमली कापड, हार किंवा मूर्तीची चौकट नेमकी सेन्सरवर आली तर गाडीला बाहेर ऊन नाही असं वाटतं आणि ती हवा कमी सोडते. काचेकडे जाणारी हवेची फटही अशा कापडाने झाकली जाते. देव गाडीत जरूर असावा, फक्त जागा थोडी सरकवावी.

सात-आठ सीटच्या काही गाड्यांत मागच्या हवेसाठी वेगळा ब्लोअर, वेगळा स्विच आणि वेगळा फ्यूज असतो. मागे हवा येत नसेल तर आधी तो स्विच बघावा आणि सामानाने मागची जाळी झाकलेली नाही ना, याची खात्री करावी.

पावसाळ्यात हा बिघाड जिवावर बेततो

उन्हाळ्यात हवा नसली तर घाम येतो. पावसाळ्यात माळशेज, आंबेनळी किंवा आंबोली घाटात काचेवर हवा आली नाही तर समोरचं वळणच दिसत नाही. ओले कपडे आणि श्वासातला ओलावा थंड काचेवर आतून धुकं धरतो. उपाय असा: हवेची दिशा काचेकडे, बाहेरच्या हवेचं बटण, एसी चालू आणि पंखा वाढवलेला. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून पावसातही तो लावायचा. आतलीच हवा फिरवत ठेवली तर धुकं वाढतं. धुकं काचेच्या बाहेरून असेल तर वायपर फिरवावा आणि काचेवरची गार हवा कमी करावी.

त्यामुळे पाऊस सुरू होण्याआधी काचेकडची हवा येते का, हे ब्रेक आणि वायपरइतक्याच गांभीर्याने तपासायला हवं.

डाव्या सीटखालची मॅट ओली होत असेल तर कॉइलच्या पाण्याची निचरा नळी तुंबली असावी. दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं हे चांगलं लक्षण आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते कमी ठिबकतं. मॅटवरचा ओलावा चिकट, गोडसर वासाचा असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल तर ते पाणी नाही, हीटरमधून गळणारं कूलंट आहे. अशी गाडी चालवत राहिल्यास इंजिन तापून मोठा खर्च होतो.

गॅरेजमध्ये काय विचारावं?

एसीची यंत्रणा बंद असते. पेट्रोलसारखा गॅस वापरून संपत नाही. तो लक्षणीय कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. म्हणून गॅस भरायला सांगितलं तर तीन गोष्टी विचाराव्यात. गेजवर दाब किती दिसला? गळती कुठे सापडली? फिल्टर आणि ब्लोअर तपासला का? बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर भागाचं नाव लिहून घ्यावं. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, उलट गेज समोर धरून दाखवतो.

खर्चाच्या क्रमाने तपासणीही तीच ठेवावी: आधी फ्यूज आणि फिल्टर, मग जाळी, मग रेझिस्टर, मग मोटर, मग झडपा आणि शेवटी कॉइल.

हे मात्र घरी करू नये

- डॅशबोर्डमागच्या पिवळ्या प्लगला हात लावू नये. ते सहसा एअरबॅगचे असतात.
- हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांच्यापासून लांब राहावं.
- एसीचा पाइप सैल करून गॅस सोडू नये. निसटणारा गॅस त्वचा आणि डोळे गोठवून इजा करतो.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसी तपासू नये आणि उभ्या गाडीत काचा लावून, एसी चालू ठेवून झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाविना केबिनमध्ये शिरतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.
- एसी चालू आहे म्हणून लहान मुलांना गाडीत एकटं ठेवू नये. इंजिन किंवा ब्लोअर बंद पडला तर उन्हातली गाडी काही मिनिटांत तापते.

वर्षातून दोनदा, एवढंच

सुगी संपल्यावर एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकदा फिल्टर काढून बघावा, वायपरखालची पानं काढावीत, हवेच्या सगळ्या दिशा फिरवून बघाव्यात. घरी पोचण्याआधी पाच मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल फिरत राहतं आणि सील सुकत नाहीत. एवढं केलं तर ऐन लग्नाच्या दिवशी गाडी गॅरेजच्या दारात आणि वऱ्हाड रस्त्याच्या कडेला, अशी वेळ सहसा येत नाही.